पाइपाचं दुसरं टोक

आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. मी. वडील लग्नाघरी स्वयंपाक करायचे, आई सहीच्या जागी अंगठा उठवायची. हे मी ताठ मानेनं सांगते. त्या ताठ्यापायीच त्या वर्षी धाकट्या भावाला खोटं लिहिलं.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरात मी एकटी. सकाळी ओरत्तनाडूची बस, तालुका कचेरीत कारकुनी, दिवेलागणीला परत. भाऊ मद्रासला, नव्यानंच आलेल्या परदेशी कंपनीत. त्याच्या दर पत्रात तेच: "अक्का, विहिरीतून किती दिवस पाणी ओढशील? घराला कुलूप लाव अन् इकडे ये." मी कळवलं, स्वयंपाकघरात नळ आला, काळजी नको. आम्ही बोलतो मराठी, पत्रं लिहितो तमिळमध्ये. तमिळमध्ये ती थाप फारच खरी दिसली.

नळ आला नव्हता. परसात आलेल्या नगरपालिकेच्या जोडणीपासून राखाडी प्लास्टिकचा पाइप भिंतीपर्यंत येऊन थांबला होता. दुकानात मिळणारा वळणाचा जोड, एल्बो, काटकोनात वळतो, आमची भिंत तिरकी. प्लंबर म्हणाला, "तापवून वाकवावा लागेल मॅडम, दोघं लागतात. घरात जेन्ट्स असतील तेव्हा बोलवा."

"मग जन्मभर येऊ नका," मी म्हटलं. तो खरंच आला नाही.

आईचं वर्षश्राद्ध रविवारी, भाऊ येणार. नळ दिसला नाही तर तो मला घेऊनच जाईल, हे नक्की. शनिवारी सकाळी परसात शेगडी पेटवली. प्लास्टिक तापलं की मऊ होतं, निवेपर्यंत धरलं की तसंच राहतं. एवढं फिजिक्स मला येत होतं. पहिला तुकडा वाकताना चपटा झाला. दुसऱ्यात कावेरीची सुकी वाळू ठासली, तोंडांना चिंध्यांचे बोळे. निखाऱ्यांवर फिरवत वाकवला, बाक सुरेख आला. पण तो निववायचं ओलं फडकं बादलीतच राहिलं होतं. ते घ्यायला एक टोक सोडलं, आणि पाइप सावकाश सरळ झाला.

वास गेला असावा. शेजारच्या म्हाताऱ्या मामी भिंतीवरून डोकावल्या. "काय गं, एकटीच काय शिजवतेस?"

"पाइप, मामी."

"मीठ बेतानं घाल हो," म्हणून हसत आत गेल्या. जरा धरता का, एवढं म्हटलं असतं तर आल्या असत्या. तोंडातून निघालं नाही.

परसाच्या कडेला आईचा रगडा होता. एकटीसाठी इडलीचं पीठ कोण वाटणार? वर्षभर कोरडाच. त्यातला दगडी गोटा दोन्ही हातांनी उचलला. तिसरा तुकडा वाकवला, तेव्हा त्याच्या गार टोकावर गोटा ठेवला, दुसरं टोक मी धरलं, ओलं फडकं मांडीवर. निवेपर्यंत हलले नाही. संध्याकाळपर्यंत जोडून पाइप स्वयंपाकघरात नेला, नळ बसवला.

श्राद्धाची पानं उठल्यावर भावानं नळ सोडला. पाणी आलं. त्यानं पाइपाच्या बाकावरून हात फिरवला.

"हे कोण केलं, अक्का?"

"मी."

"आणि दुसरं टोक कोण धरलं?"

"आईचा रगडा."

तो मोठ्यानं हसला. "मग आम्ही कशाला हवे!"

तरी जाताना एकदा तो 'चल' म्हणेल असं वाटलं होतं. नाही म्हणायची तयारी मी करून ठेवली होती. पिशवीत लाडू बांधून दिले, तो दुपारच्या बसनं गेला.

पत्रं येत राहिली. पाऊस, मुलीची शाळा, नवी स्कूटर. मी प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. 'इकडे ये' हे वाक्य पुन्हा आलं नाही.