विस्तवाचं मडकं

तात्यांची अंत्ययात्रा येण्याची वाट पाहत मी देवळापाशी उभा होतो. तिथेच गावठाणाच्या मोजणीला आलेल्या बाई ड्रोन उडवत होत्या. सहज त्यांच्या स्क्रीनवर नजर गेली. वीसेक माणसं घाईघाईने एकाच दिशेने निघाली होती. चौघांच्या खांद्यावर लांब बांबू होते आणि सगळ्यांच्या पुढे एक जण हातात काहीतरी धुमसतं घेऊन चालला होता. तो तात्यांचा थोरला मुलगा, विस्तवाचं मडकं घेऊन निघालेला. मला ठाऊक होतं, तरी वरून ती हत्यारं घेऊन निघालेली टोळीच वाटली.

दूरच्या युद्धांत हल्ली असंच वरून पाहतात म्हणे. कोण जमलं, खांद्यावर काय आहे, यावरून यंत्र माणसं निवडतं आणि स्क्रीनपाशी बसलेल्या लष्करी साहेबाला विचारतं, मारू का? साहेबाला विचार करायलाही उसंत नसते. यंत्र क्वचितच चुकतं, असं सांगतात. चुकलं तर कोणाला धरायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

"हे काय चाललंय हो?" बाईंनी मला विचारलं.

"आमचे तात्या गेले."

"अगं बाई!" म्हणत त्यांनी ड्रोन लगेच खाली उतरवला, चपला काढल्या आणि हात जोडले.

यात्रा आमच्यासमोरून गेली. मडक्यातला धूर डोळ्यांत गेला. बाईंना विचारायला मी तरी शेजारी होतो. तिकडे युद्धात साहेबाच्या स्क्रीनपाशी खालच्या गावातलं कोणीच उभं नसतं.