खड्ड्यातला फोटो

शैलजा बर्फ खणते. जपानात, निइगाताच्या एका संस्थेत तिचं कामच ते: ताजा बर्फ पडला की डोंगरावर जायचं, छातीइतका खोल खड्डा करायचा आणि आतले थर तपासायचे. २०११च्या भूकंपानंतर टोकियोजवळच्या आमच्या इचिकावातली निम्मी मराठी मंडळी पुण्याला पळाली, तेव्हाही ही बाई फावडं घेऊन डोंगरावरच होती. बोलायला रुक्ष, पण मला ती आवडते. उल्हास आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

उल्हास आमच्या मंडळाचा स्वयंघोषित पुढारी. एका फेब्रुवारीत त्याने बर्फातली सहल काढली आणि शैलजालाही बोलावून घेतलं. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन आलं होतं. स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेर, मोठ्या उताराच्या कडेला शैलजाने खड्डा खणला. करवतीने बर्फाचा एक खांब सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर बोटांनी हलकेच थापटलं. दोन-तीन थापटण्यांतच वरचा ताजा थर अख्खा घसरून तिच्या मांडीवर आला. खाली जाड साखरेसारखे सुटे दाणे होते, वरच्या थराला धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

“आज या उतारावर जायचं नाही,” ती म्हणाली.

“अहो ताई,” उल्हास म्हणाला, “ती पावलं बघा. कुणीतरी गेलंय की. जपानी माणूस उगाच रिस्क घेत नाही.”

“त्यांच्या पायाखाली तुटलं नाही, एवढंच त्यावरून कळतं.”

आम्ही परत फिरलो. त्याआधी उल्हासने खड्ड्यात उडी मारली, अंगठा वर केला आणि फोटो काढून घेतला. शैलजाने खड्डा बुजवला. संध्याकाळी तोच फोटो फेसबुकवर, जागेच्या नावासकट: ‘आमच्या शैलजाताईंनी बर्फ तपासला! पावडर स्नो एकदम भारी!’

माझं डोकंच फिरलं. फोन करून म्हटलं, “परत फिरलो, हेही लिहा.”

“अनघा, आपण घाबरलो हे जगाला कशाला सांगायचं?”

मग शैलजानेही त्याला फोन केला. “बदलतो, बदलतो,” म्हणाला आणि झोपी गेला. असल्या माणसाची मला किळस येते.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीतला, क्योतोत पीएचडी करणारा पियुष मित्राबरोबर त्याच उतारावर गेला. मधोमध पोचताच वरचा थर सुटला आणि त्याला खाली घेऊन गेला. मित्राने खणून बाहेर काढलं म्हणून जीव वाचला. पाय मात्र मोडला.

शैलजा आणि मी हॉस्पिटलात गेलो, तर उल्हास आधीच हजर. हातात सफरचंदांची पिशवी आणि चेहरा असा की घरचंच माणूस पडलंय. बाहेर बाकावर बसून मी फोन उघडला. फोटो तोच होता, अंगठाही तोच. खालची ओळ तेवढी बदलली होती: ‘आम्ही आदल्याच दिवशी धोका ओळखला होता.’

मी फोन शैलजासमोर धरला. तिने वाचलं आणि ती आत गेली.

पियुष तिला पाहून कसाबसा हसला. “ताई, मी एरवी गेलोच नसतो,” तो म्हणाला. “तुमचं नाव वाचलं म्हणून गेलो.”

उल्हास खाली मान घालून सफरचंद सोलत होता.