हार्लबीचं न दिलेलं मत

मनोहर देवस्थळींना निवृत्तीनंतर एक खूळ लागलं. जन्मभर बँकेचे हिशेब तपासलेला हा गृहस्थ सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत बसून हार्लबीचा इतिहास लिहू लागला. हार्लबी म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावाचा मतदारसंघ. लग्नानंतरची दहाएक वर्षं ते आणि संजीवनीबाई तिथे राहिले, मग सिंगापूरला आले. पुढे हार्लबी शेजारच्या मतदारसंघात विलीन झाला, पार्लमेंटातून त्याचं नाव गेलं. त्याची हळहळ मनोहररावांखेरीज या बेटावर कुणाला वाटणार!

संजीवनीबाईंची हौस साधी होती. एकदा तरी मत द्यायचं. भारत सोडला तेव्हा त्या वीस वर्षांच्या, आणि मताला तेव्हा एकवीस पूर्ण लागत. हार्लबीत प्रचाराला आलेल्या बाईला मनोहररावांनी 'आम्हाला इथे मत नाही' म्हणून दारातूनच वाटेला लावलं होतं. "आपण पाहुणे. यांच्या भांडणात पडू नये," असं वर बायकोला ऐकवलं. भारतीय पासपोर्टवर मत कसलं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा ना! पुढे दोघं सिंगापूरचे नागरिक झाले, तर त्यांच्या भागात दर वेळी उमेदवार बिनविरोध.

२००६ सालीही तेच झालं. चोआ चू कांगला मात्र लढत होती; तिथे राहणारा मुलगा सारंग मतदानाच्या दिवशी मत देऊन जेवायला आला.

"आत पडदा असतो का रे? पेन त्यांचंच?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"कार्डबोर्ड लाह, मम्मी. टू मिनिट्स ओन्ली," सारंग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

त्यांनी आणखी बरंच विचारलं. मनोहरराव ताटातला भात नुसता कालवत बसले. हार्लबीवर वाचता वाचता त्यांना नुकतंच कळलं होतं, की कॉमनवेल्थचे नागरिक तिथे राहत असतील तर मत देऊ शकत. भारतीयसुद्धा.

सारंग गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," संजीवनीबाई म्हणाल्या. "तेव्हाच. शेजारची सविता जायची मत द्यायला."

"मग तू का नाही गेलीस?"

"अहो, तुम्ही त्या बाईला इतकं ठासून सांगितलं होतंत. सगळ्या गल्लीत तुम्हाला तोंडघशी कशी पाडणार?"

त्या चिडल्या असत्या तर मनोहररावांना बरं वाटलं असतं. पण त्या उरलेली भाजी डब्यात काढत राहिल्या. चूक मनोहररावांची होती, आणि इतकी वर्षं ती बायकोने झाकून ठेवली होती.