आले असं धरा

थाळीकाकांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली माणसं बाहेर काढता काढता त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस संकटाला निम्माच घाबरतो, उरलेलं निम्मं तो शेजारच्याचं तोंड बघून घाबरतो. तेव्हा आधी शेजारी तयार करावेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खी इमारत तयार करायला घेतली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका आपल्या दाराशी खिळ्याला टांगलेली स्टीलची थाळी काढत आणि पळीने बडवत मजल्यामजल्यावरून फिरत. थाळी वाजली की गॅस बंद करायचा, ओला रुमाल नाकाला लावायचा, लिफ्टकडे ढुंकूनही न बघता जिन्याने उतरायचं आणि सायकल स्टँडपाशी जमायचं. पुढच्या जिन्यात धूर असेल तर मागच्या जिन्याने. हातात काही घ्यायचं नाही, आणि एकदा खाली आलं की परत वर जायचं नाही.

"सोनं राहिलं तरी नाही," काका बजावत.

"सोनं असतं तर इथे कशाला राहिलो असतो, काका?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई विचारत.

लोक कुरकुरत, पण येत. कुणी तोंडात ब्रश घेऊन, कुणी अर्धी दाढी करून. औषधाच्या दुकानाचे मालक तर उशी काखेत मारून येत. काकांचा हुकूम मोडायची छाती इमारतीत एकाच व्यक्तीची होती, आणि ती नेमकी त्यांच्याच घरात होती.

एक तर काकूंचे गुडघे दुखत. त्यात त्याच मुहूर्तावर त्यांनी गॅसवर दूध चढवलेलं असे. काकांनी कितीही आर्जवं केली तरी पातेल्यावरची नजर न हलवता त्या म्हणत, "मला आले असं धरा."

काका धरत. संसारात किती गोष्टी धरून चालावं लागतं, त्यातली ही एक. खाली माणसं मोजताना काकूंची पाळी आली, की सगळे एका सुरात म्हणत, "आल्या असं धरा!" हशा पिकला की सराव संपे.

एका दुपारी काका खाली वॉचमनला आग विझवायचा सिलिंडर कसा धरायचा ते चौथ्यांदा समजावत होते. इतक्यात पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून तडतड आवाज आला आणि काळा धूर जिन्यात चढू लागला. वॉचमनने गेटजवळचा मेन स्विच पाडला, काकांनी घसा फाडून इमारत हलवली. आणि काय सांगावं, सगळं शिकवल्याबरहुकूम झालं! माणसं ओले रुमाल लावून मुकाट उतरली. शिवणवाल्या बाईंनी अग्निशामक दलाला फोन करून आधी पत्ता सांगितला, मग रडल्या. औषधवाले बादली घेऊन धावले, तर चार जणांनी ओरडून त्यांना थांबवलं की विजेच्या आगीवर पाणी नको.

काका मोजू लागले. काकूंपाशी आले आणि अडले.

"आल्या असं धरा," सवयीने कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

पुढच्याच क्षणी काका पुढच्या जिन्यात शिरले होते. रुमाल खिशातच राहिला, मागचा जिना आठवलाही नाही. पहिल्या मजल्यावर पोचेतो डोळ्यांपुढे काळोख झाला. काका गुडघ्यांवर बसले. हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी धूर आत गेला.

तेवढ्यात खालून थाळी वाजली.

ती थाळी आजवर दुसऱ्या कुणी वाजवलीच नव्हती. पण ठेका ओळखीचा होता. जेवायला बसायला उशीर केला की ओट्यावर पळी आपटते, तोच. काका त्या आवाजाच्या रोखाने बसत, घसरत खाली आले. जिन्याच्या तोंडाशी वॉचमनने त्यांना ओढून बाहेर घेतलं.

काकू सायकल स्टँडपाशी उभ्या होत्या, हातात थाळी.

"सोनं राहिलं तरी वर जायचं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तू नव्हतीस."

"मागच्या जिन्याने येत होते. तुम्हीच शिकवलंत ना? गुडघे आहेत माझे, लिफ्ट नाही. वेळ लागतो." त्यांनी पदराने काकांच्या तोंडावरची काजळी पुसायला घेतली, जरा जोरातच. "आले असं धरायचं होतं."

"नाही धरवलं," काका म्हणाले.

काकूंचा हात मग जरा हलका झाला. थाळी बरोबर का आणली, हे विचारायचं काकांनी टाळलं. हातात काही घेऊन उतरायचं नाही, हा नियम त्यांनी त्या दिवसापुरता गिळला.

पुढच्या महिन्यात थाळी वाजली तेव्हा गॅसवर दूध नव्हतं. खाली सगळे जमले, पण काका मोजायला तयार होईनात. औषधवाल्यांनी उशी या काखेतून त्या काखेत घेतली. अखेर मागच्या जिन्याच्या कोपऱ्यावरून, कठड्याला धरून, एकेक पाय सांभाळत काकू आल्या. सगळी इमारत ऐकेल अशा आवाजात काकांनी पुकारलं, "आली!"

"येते झालं," काकू सायकलच्या कॅरिअरवर टेकत म्हणाल्या. "नाहीतर हे परत वर जायचे."