सुमनवहिनींची बोटं

दाबून ठेवलेली बातमी आमच्या धंद्यात लगेच ओळखू येते. ही मी स्वतः दाबली आहे. घरात कुणाला ठाऊक नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मला नीट सांगता येणार नाही.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाआधी त्या महाल भागातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकल्या, लोखंडी टाइपरायटरवर. त्यांचा वेग मी पाहिला आहे. नजर कागदावर, बोटांकडे कधीच नाही. घरी कॉम्प्युटर आला तर अर्ज, प्रबंध, लग्नपत्रिका अशी कामं घेऊ, असं त्यांनी ठरवलं. पहिलं काम आमच्या वस्तीतल्या विहाराच्या स्मरणिकेचं मिळालं. विहाराच्या मंडळींनी ते आपणहून त्यांच्याकडे दिलं होतं. वहिनींना याचं किती अप्रूप वाटलं असेल — तुम्हाला कल्पना करता येईल?

कॉम्प्युटर मी जोडून दिला. दुकानदार म्हणाला होता, जोडूनच देतो. मी नको म्हटलं. आमच्या दैनिकाच्या ऑफिसात मशीन अडलं की लोक मला हाक मारायचे. त्या हाकेची मला सवय झाली होती.

मदरबोर्डवर चिपसेट नावाची एक चिप असते. डिस्क, कीबोर्ड, बाकीचे भाग — सगळ्यांची ये-जा तिच्यामार्फत चालते. ती तापते, म्हणून तिच्यावर अॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा असतो, प्लास्टिकच्या दोन पिनांनी अडकवलेला. बोर्ड बसवताना माझा पेचकस घसरला आणि एक पिन तुटली. आवाज मला ऐकू आला. दुसरी आहे, चालेल — असं मनात म्हणून मी झाकण लावलं.

थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर चालता चालता थिजू लागला. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवसभर काहीच नाही. मी जायचो, कॅबिनेट जमिनीवर आडवं करून उघडायचो, आणि ते मुकाट चालायचं. मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. विंडोज पुन्हा टाकलं. कॅबिनेट टेबलावर उभं करून मी घरी पोहोचलो की वहिनींचा फोन यायचा.

"काहून जी भाऊजी, तुमच्यासमोर शहाण्यासारखा चालते अन् मी बसली की मरते?"

"तुले पाहून भेते वं तो," दादा मागून म्हणायचा. सगळे हसायचे. वहिनीसुद्धा.

मग एका दुपारी आडव्या कॅबिनेटमध्ये वायरी चाचपताना माझं बोट त्या ठोकळ्याला लागलं. तो हलत्या दातासारखा हलला. कॅबिनेट आडवं असलं की ठोकळा आपल्याच वजनानं चिपवर बसत होता. उभं केलं की एका बाजूनं सुटत होता, चिप तापत होती आणि सगळं थांबत होतं. मी तपासायचो तेव्हा ते आडवं असायचं, वहिनी कामाला बसायच्या तेव्हा उभं. त्यांच्या हाताचा यात काहीही संबंध नव्हता.

वहिनी शेजारी टॉर्च धरून उभ्या होत्या. "सापडलं का जी?"

सापडलं होतं. चूक कुणाची, तेही. मग मी — किती सहज बोललो मी! — म्हणालो, "वहिनी, तुमची बोटं फार जोरात पडतात. टाइपरायटरची सवय आहे न. बोर्डाले धक्का बसते." आणि ठोकळा तसाच ठेवून झाकण लावलं.

कॉम्प्युटरची थोडीशी माहिती असलेला कुणीही हसला असता. त्या घरात माहिती असलेला मी एकटाच होतो.

त्यानंतर वहिनी शेजारच्या कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं कळा दाबू लागल्या. बोटांकडे बघून. वेग गेला. कॅबिनेट उभंच होतं, ते थिजतच राहिलं. स्मरणिकेची जुळवलेली पानं गेली. पुन्हा केली, पुन्हा गेली. अखेर मंडळींनी काम धरमपेठेतल्या एका दुकानाला दिलं. "तुह्या हाताले नाही जमत तं राहू दे न," दादा म्हणाला. रागानं नाही, समजूत घालत. वहिनींनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. पुन्हा कुणाचं काम घेतलं नाही.

मला भीती कुणाची होती? कोण रागावलं असतं? खरं सांगितलं असतं तर वहिनी हसल्या असत्या आणि चहा ठेवायला उठल्या असत्या. एवढ्यासाठी मी त्यांचे हात खोटे पाडले.

आणखी एक आहे, तेही लिहितो. काही काळानं दादा म्हणाला, पडून आहे, घेऊन जा. मी नेलं. इतवारीच्या बाजारातून लहानसा नट-बोल्ट आणला आणि ठोकळा आवळला. नंतर तो कॉम्प्युटर कधीच थिजला नाही. मी त्याच्यावर वर्षानुवर्षं बातम्या लिहिल्या. दुसऱ्यांच्या चुकांच्या, नावगावासकट. घरी आल्या की वहिनी विचारायच्या, "आता चालते न जी?" मी म्हणायचो, चालतो.

परवा त्यांना बँकेत घेऊन गेलो. दाराशी टोकन देणारं मशीन आहे, पडद्यावर बोट टेकवायचं. वहिनी त्याच्यापासून हातभर दूर थांबल्या आणि मागच्या मुलीला म्हणाल्या, "तू दाब वं बाई. माह्या हातानं बंद पडते." ती हसली. वहिनीही हसल्या. त्यांना ते आता खुपत नव्हतं. केस पांढरे आहेत म्हणावं, तसं सांगत होत्या.

मी पुढे झालो आणि पडद्यावर बोट टेकवलं. टोकन निघालं.

"पाह्य," त्या मुलीला म्हणाल्या, "आमच्या भाऊजीले सारं समजते."

मी टोकन त्यांच्या हातात दिलं.