मले समजूनच नाही राहिलं

वर्गात येण्याआधी अंगणवाडीताईंनी मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ पाहून यायचं, असा आमच्या नागपूरच्या ट्रेनिंग सेंटरचा नियम आहे. व्हिडिओ मी बनवतो. आठवणीचे मेसेजही मीच पाठवतो, हात जोडून. तरी माझ्या वर्गात ताया कोऱ्या चेहऱ्याने बसतात. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या मॅडमचा मात्र प्रश्न संपायच्या आत उत्तरं येतात, आणि भिंतीपलीकडून मला ती ऐकावी लागतात.

ही मॅडम मेसेज पाठवतच नाही. डबा खाता खाता पारशिवनीच्या एखाद्या अंगणवाडीताईला फोन लावते आणि रडवेल्या आवाजात म्हणते, "ताई, तो वजनाचा व्हिडिओ मले समजूनच नाही राहिला वं. तू पाहून सांग न!" मग फोन ठेवून निवांत पोळी मोडते. नाटकी बाई, असं मी मनात म्हणतो.

काल तिने मलाच विचारलं, "सर, त्या वजनाच्या व्हिडिओत शेवटी तुम्ही काय म्हणून राहिले? जरा पाहून सांगता का?"

इतक्या दिवसांनी आली ना माझ्याकडे, अशा तोऱ्यात मी घरी माझाच व्हिडिओ लावला. अर्ध्यातच जांभया सुरू झाल्या. तरी शेवटपर्यंत पाहिला. सकाळी तिला सांगायचं होतं.