लिनक्सची ट्रायल आणि मंजिरीचं नाटक

नवरा निवडायला माझ्या बायकोनं जेवढा वेळ घेतला, त्याच्या कितीतरी पट वेळ मी घरच्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडायला घेतला. दोन्ही निवडींची फळं तिनंच भोगली.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात खरेदी विभागात आहे. मूळचा सांगलीचा, बायको नागपूरची, मुलगी जबलपूरला जन्मलेली आणि सध्या मुक्काम चंडीगड. आमचा संगणक मागच्या काही बदल्यांत आमच्याबरोबर हिंडलाय, आणि दर वेळी मूळ खोक्यात बसून. (आम्ही खोकी टाकत नाही. मिक्सर जळून गेला, पण त्याचं खोकं अजून माळ्यावर आहे. बदली झाली तर लागेल म्हणून.)

तर हा संगणक यंदा अगदीच थकला. मंजिरी बटण दाबून कुकर लावायला जायची. वरण शिजायचं, घोटायचं, फोडणी व्हायची, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र दिसायला लागायचं. सेक्टर सतराच्या दुकानदारानं तो उघडून आत पाहिलं आणि परत झाकण लावलं. म्हणाला, "सर जी, नया ले लो."

नवा घ्यायचा म्हणजे चांगल्या चालत्या वस्तूचा अपमान. मी मुलीला विचारलं. आमची इरा आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येतं.

"बाबा, लिनक्स डाल देते हैं. हलका है, पुराने पे मक्खन चलेगा. और फ्री है."

"फुकट? मग निविदा कशी काढायची?"

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

ऑफिसात साधं कपाट घ्यायचं झालं तरी आम्ही तुलनात्मक तक्ता करतो. इथं तर घरचा प्रश्न. शिवाय लिनक्स एक नसतं, शेकडो असतात, हे मला इरानं सांगितलं आणि माझा आनंद गगनात मावेना. मी निकष ठरवले. वजनाला हलकी हवी. भरवशाची हवी. मराठी लिहिता यायला हवं. आणि विक्रीनंतरची सेवा हवी.

"सेवा कोण देणार?" मी विचारलं.

"इंटरनेट पे लोग बैठे हैं ना, बाबा. कुछ भी पूछो, बता देते हैं."

"कुठले लोक? त्यांचं ऑफिस कुठं आहे?"

इरानं कपाळाला हात लावला. मंजिरीनं माझ्या खांद्यावरून तक्त्यात डोकावून पाहिलं. "एकीचं नाव पुदिना, एकीचं कुत्र्याचं पिल्लू. अहो, हे संगणकात घालून राहिले की अंगणात?"

तिची घाई वेगळी होती, आणि ती इथंच सांगायला हवी. कारण या गोष्टीत खरं पणाला लागलं होतं ते तिचंच.

आम्ही ज्या गावी बदलून जातो, तिथल्या मराठी मंडळात मंजिरीला मोदक समितीत टाकतात. एकदा कुणीतरी तिचे मोदक खाल्ले, तेव्हापासून तिची कीर्ती आमच्या ट्रकच्या आधी पुढच्या गावी पोचते. पोरीच्या जन्मापासून ती गणपतीत वाफेसमोर उभी आहे, आणि स्टेजवर काय चाललंय ते तिला फक्त ऐकू येतं. यंदा मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मोदक कोणीही करा. मी नाटक लिहिते." सभेत शांतता पसरली. (मोदकांच्या काळजीनं.) पण शेवटी हो म्हणाले. घरी येताना गाडीत ती गप्प बसून खिडकीबाहेर बघत हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला इतकं खूश मी क्वचित पाहिलं होतं.

म्हणजे संगणक चालू होणं भाग होतं. मी तक्ता आवरता घेतला आणि एक सिस्टिम निवडली. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिची काडीची चूक नव्हती. इरानं ती एका पेन ड्राइव्हवर घेतली, संगणकाला लावली, आणि काय सांगू, आमचं म्हातारं कोवळ्या पोरासारखं पळायला लागलं!

पडद्यावर दोन पर्याय होते. एक, वापरून पाहा. दोन, इन्स्टॉल करा.

"दूसरा दबाऊँ?" इरानं विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "ट्रायल पूर्ण झाल्याशिवाय माल स्वीकारायचा नसतो."

"बाबा, ये माल नहीं है."

"माल म्हणजे मालच. उद्या बिघडली तर? एकदा स्वीकारला की पुरवठादार ओळख देत नाही. आधी ट्रायल, मग समाधानकारक असल्याचा शेरा, मग इन्स्टॉल."

तिनं मराठी टायपिंग लावून दिलं. "ठीक है, देख लो. पर काम शुरू करने से पहले इन्स्टॉल कर लेना, पक्का?" असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघून गेली. मी पक्का म्हणालो. पण ट्रायल म्हणजे नुसतं चालू करून बघणं नव्हे, काम करून बघणं, एवढं खरेदी विभागात उमेदवारी करणाऱ्यालाही कळतं. मी मंजिरीला म्हटलं, "लिही तू बिनधास्त. फक्त बंद करू नकोस. न थांबता किती दिवस चालते, ते मला बघायचंय."

आणि चालली हो! रात्रंदिवस चालली. मंजिरी सकाळी डबे झाले की बसायची ती दुपारपर्यंत. लिहायची, खोडायची, स्वतःशीच हसायची. नाटक होतं एका बदलीच्या घराचं. सामान बांधून झालंय, ट्रक दाराशी आहे, आणि बदली रद्द झाल्याचा फोन येतो. लिहून झालं आणि आमच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या.

नव्या सिस्टिमला आमचा प्रिंटर काही सापडला नाही. (ही उणीव मी शेऱ्यासाठी लक्षात ठेवली.) त्यामुळे सगळे नट संगणकासमोर दाटीनं उभे राहून पडद्यावरून संवाद वाचायचे. आजोबांच्या भूमिकेत विंग कमांडर पाटील. कोल्हापूरचा माणूस, परेडच्या आवाजात प्रेमळ वाक्यं म्हणायचा. आईच्या भूमिकेत सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मीनल. त्या भूलतज्ज्ञ असल्यानं त्यांचं कुठलंही वाक्य ऐकलं की डोळे मिटायला लागायचे. सुनेच्या भूमिकेत मंडळातलीच एक मुलगी. आणि बापाच्या भूमिकेत मी. नायकच म्हणा. सगळ्यात जास्त संवाद मला.

"संवादाचे फोटो काढू का मोबाइलवर?" मीनलताईंनी विचारलं होतं.

"अजिबात नाही," मंजिरी म्हणाली. "फोनात बघून म्हणायची सवय लागते. पाठ करा." आणि दारातच एक टोपली ठेवून सगळ्यांचे फोन त्यात जमा करून घ्यायला लागली. दिग्दर्शिका म्हणून ती इतकी कडक निघेल असं मला वाटलं नव्हतं. मला म्हणायची, "अहो, तुमचं पाठ कधी होणार?" मी म्हणायचो, "मी घरातलाच. माझं होतंय."

प्रयोग शनिवारी. आदल्या रविवारी मी म्हटलं, बाई फार दमलीय, जरा पिंजोरच्या बागेत फिरवून आणू. मंजिरी नको म्हणत होती, मीच आग्रह केला. गाडीत दशम्या, चटणी, थर्मास ठेवला आणि घर बंद केलं. आता बदलीच्या माणसाचं घर बंद करणं म्हणजे एक विधी असतो. गॅस बंद, नळ बंद, मागची कडी, आणि सगळ्यात शेवटी विजेचा मेन स्विच. हात आपोआप जातो. मागे एका क्वार्टरमध्ये आम्ही बाहेर असताना वायर जळाली होती, तेव्हापासून घर रिकामं राहणार असलं की शेजारच्या सेक्टरात भाजीला जातानाही मी मेन पाडून जातो, आणि ट्रायल सुरू झाल्यापासून घर रिकामं पडायची ही पहिलीच वेळ. फ्रिजमधलं लोणी वितळलं तर वितळलं.

बागेत मजा आली. मंजिरी झाडाखाली बसून माझ्याकडून संवाद म्हणवून घेत होती आणि मी कारंजी दाखवत होतो.

संध्याकाळी घरी आलो, मेन वर केला, संगणक लावला. झटकन चालू. पडदा इतका स्वच्छ की मला भरून आलं. म्हटलं, "बघ मंजिरी! वीज घालवली तरी कशी ताजीतवानी उठली! याला म्हणतात भरवसा."

मंजिरी खुर्चीत बसली. इकडे उघडलं, तिकडे उघडलं. "माझं नाटक कुठं आहे?"

"असेल तिथंच. नीट बघ."

"नाही आहे."

हैदराबादला फोन लावला.

"बाबा, आपने इन्स्टॉल किया था?"

"ट्रायल चालू होती."

"और बंद किया?"

"मी नाही. मेन स्विच."

मग माझ्या मुलीनं, जी जन्मापासून माझ्याशी हिंदीत बोलते, शुद्ध मराठीत सांगितलं, "बाबा, ट्रायलमध्ये एकदा बंद झालं की ते काहीच लक्षात ठेवत नाही. सगळं गेलं."

मंजिरी रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, मोदकपात्र खाली काढलं आणि घासायला लागली. ते बघून मी स्वतःलाच म्हटलं, मेल्या, ही बाई आता परत वाफेसमोर जाऊन उभी राहणार, आणि तिला तिथं पाठवणारा तू.

मी पाटलांना फोन केला. पाटील पाव तासात हजर, वाटेत मीनलताईंनाही घेऊन आले. सगळं ऐकून पाटील म्हणाले, "वहिनी, घाबरता कशाला? आम्हाला पाठ आहे की." आणि हात मागे बांधून, छाती काढून, पहिल्या ओळीपासून सुरू. मीनलताईंनी लगेच पुढचं वाक्य उचललं. ओल्या हातानं मंजिरी दारात येऊन उभी राहिली, आणि हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

मी घाईघाईनं इन्स्टॉलचं बटण दाबलं. (शेरा न लिहिता. नोकरीत पहिल्यांदाच.) ते होईपर्यंत चहा झाला, मग मंजिरी टाइप करायला बसली. दोघं धडाधड बोलत होती. सुनेचं काम करणारीनं फोनवरून आपले संवाद सांगितले. आणि मग पाटील थांबले.

"इथं तुमचं मोठं भाषण होतं, साहेब. बोला."

"हो, ते... साधारण बदलीबद्दलच होतं," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द जरा हृदयस्पर्शी होते."

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य पाटलांचं, ते त्यांनी म्हटलं. मग पुन्हा माझी पाळी, पुन्हा शांतता. असं नाटक संपेपर्यंत चाललं. एका माणसाशी सगळं घर बोलतंय आणि तो काही उत्तरच देत नाही, असा तो प्रकार झाला. मीनलताईंना हसू आवरेना. पाटलांनाही आवरेना. शेवटी मंजिरीलाही आवरेना, आणि डोळे पुसत तिनं मला सांगितलं, "तुम्ही ट्रंकेवर बसा, पेपर वाचत. बस. काही म्हणू नका."

शनिवारी हॉल भरला होता. एक माणूस ट्रंकेवर पेपर वाचत बसलाय, बायको विचारतेय, आजोबा ओरडतायत, सून रडतेय, ट्रकवाला हॉर्न देतोय, आणि हा पान उलटतोय! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. पडदा पडल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मंजिरी स्टेजच्या मधोमध उभी होती. माझं ऊर भरून आलं होतं, खरंच सांगतो.

मग मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या आणि तिचे हात धरून म्हणाल्या, "वहिनी, सगळेच छान, पण तुमचे मिस्टर! न बोलता किती सुंदर काम करतात हो."

"हो ना," मंजिरी म्हणाली. "बोलायला लागले की बिघडते."

मला यावर एक झकास उत्तर सुचलं होतं, पण दिग्दर्शिकेनं मला संवाद दिलेला नव्हता.